तानुबाईच्या डोळ्यावरचा आळ

परवा आमच्या गल्लीत कुंदाबाईच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याला हात लावायला तानुबाई पुढे झाली, तर मागून एक नवी सून शेजारणीला म्हणाली, हीच का ती डोळ्यावाली? हळूच म्हणाली, पण माझे कान काही मेलेले नाहीत. मी घुगऱ्या वाटत होते. पातेलं तिथेच ठेवलं आणि म्हटलं, हो, हीच ती. ये पुढे, जवळून बघ तिचा डोळा, आणि बघून झालं की बस इथे, मी सांगते ते ऐक. पोरगी गोरीमोरी झाली. बारशाच्या घरात भांडण नको म्हणून कुंदाबाई मला कोपऱ्यात ओढायला लागली. तानु मात्र पाळणा हलवत राहिली. आता या गोष्टीचं मला काही वाटत नाही, असं ती म्हणते. मला वाटतं. इतकी वर्षं झाली तरी कोणी त्या डोळ्याचं नाव काढलं की माझ्या अंगाची लाही लाही होते.

तेव्हा एकदाचं सगळं सांगूनच टाकते.

तानुबाई माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. ह्यांचं नाव अभिमन. घेतलं नाव, काय होतंय? देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढल्या साली मी लग्न होऊन धरणगावात आले, तेव्हा तानु परकर नेसून कापूस वेचायला जायची आणि ओटीत कापसापेक्षा बोरंच जास्त घेऊन यायची. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात बायका आम्ही दोघीच, आणि तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट. हे चिडले की मान खाली घालून मिशी चावतात, त्याची ती अशी हुबेहूब नक्कल करायची की हसता हसता माझी भाकरी तव्यावर करपायची. मग दोघींनी मिळून ती करपलेली भाकरी ह्यांच्याच ताटात वाढायची. अशी ही पोरगी. पुढे वर्षभर मी तिला हसताना पाहिलं नाही, तेव्हा माझं काय झालं असेल ते बघा.

तिला दोंडाईच्याला दिली. स्थळ चांगलं होतं. मिरचीची शेती, घरचं खळं, एकुलता एक मुलगा रतिलाल. बाप नव्हता. आई धुरपदाबाई, कडक, पण कामसू बाई. रतिलाल दिसायला गोरा, बोलायला तर असा गोड की मुंग्या लागाव्यात. मिरचीच्या पोत्यांबरोबर तो आगगाडीने सुरतेपर्यंत जायचा आणि येताना तानुला काचेच्या बांगड्या आणायचा. आम्ही म्हटलं, पोरीनं नशीब काढलं. दोन वर्षांत गिरधर झाला. बाळंतपण आमच्याकडेच झालं. पोरगं धष्टपुष्ट, नाक थेट तानुचं.

गिरधर रांगायला लागला त्या सुमाराला तानुला ताप आला. आठवडाभर अंगात मुरून राहिला आणि गेला. चैत्र लागला, खळ्यात मिरच्या वाळत पडल्या, बायका देठ खुडायला बसल्या, आणि तानुला उन्हात डोळा उघडवेना. एकच डोळा, डावा. पदराने झाकून घ्यायची. एका बाईने पाहिलं, हिच्या त्या डोळ्यातली काळी बाहुली केवढी मोठी झालीय, उजव्याच्या दुप्पट. धुरपदाबाई म्हणाली मिरची गेली असेल. दुधाने धुतला, तूप घातलं, एरंडेल घातलं, काजळ घातलं. देवाला जाऊन आले. बाहुली आपली मोठीच. वर तानुला सुईत दोरा ओवता येईना, तांदळातला खडा दिसेना. एक दिवस धुरपदाबाईच्याच दाताखाली खडा आला. मग मात्र रतिलाल तिला घेऊन धुळ्याला डॉक्टरकडे निघाला.

त्या डॉक्टरचं नाव मी घेत नाही. घेतलं तर माझं तोंड विटाळेल. तानुने मला नंतर सगळं सांगितलं, एकदाच सांगितलं, पण मला अजून शब्द न् शब्द आठवतो. त्याने बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यावर मारला आणि लगेच काढून घेतला. पुन्हा मारला, पुन्हा काढला. बाहुली हलली नाही. मग तिला खुर्चीवर बसवून गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. बस्स. झाली तपासणी. त्याने हात धुतले आणि कंपाउंडरच्या देखत, बाहेर बाकावर माणसं बसलेली असताना, तिला विचारलं, लग्नाआधी कुठे कुठे होतीस? तानुला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, धरणगावला, भाऊकडे. तो हसला म्हणे. आणि रतिलालला म्हणाला, हा गरमीचा रोग आहे, जुना आहे, मेंदूपर्यंत गेलाय.

गरमी कशाला म्हणतात ते मी सांगायला नको. बाहेरख्याली माणसाला होतो तो रोग. माझी तानु, जिला कापसाच्या शेतात एकटीला लघवीला जायचीसुद्धा भीती वाटायची, तिला गरमी! रक्त काढून मुंबईला पाठवलं. पुढल्या खेपेला गेले तेव्हा उत्तर आलं होतं, रक्तात काही नाही. आता तरी त्या माणसाने जरा थांबावं, विचार करावा! तर तो म्हणतो, रक्त फसवतं, डोळा फसवत नाही. सुया टोचायला सुरुवात केली. आणि रतिलालला म्हणाला, तुझंही रक्त दे. रतिलाल हो हो म्हणाला आणि बिडी ओढायला जो बाहेर गेला तो बसच्या वेळेपर्यंत आलाच नाही.

घरी येईपर्यंत तानुला वाटत होतं की रतिलाल आईला समजावेल. त्याने आईला काय सांगितलं ठाऊक आहे? डॉक्टरने जे सांगितलं तेवढंच. धुरपदाबाईने विचारलं, कुठून आणला हिने रोग? तर हा मान खाली घालून उभा. तानुला वाटलं, माझ्यामुळे बिचाऱ्याची मान खाली गेली. तिला त्याची दया आली. दया! हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हातातलं लाटणं भिंतीवर फेकून मारलं होतं.

त्याच आठवड्यात कानबाई होती. आता तुम्ही खानदेशातले नसाल तर तुम्हाला सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, दळतात, त्याचे रोट करतात. तो रोट त्या घरच्यांनीच खायचा, फार तर भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलासुद्धा नाही, कारण ती आता दुसऱ्या घरची. ज्याच्या पानात रोट पडला तो घरचा. त्या रविवारी गिरधरच्या नावाची मूठ पहिल्यांदा निघाली. सगळी भाऊबंदकी जेवायला बसली, आणि धुरपदाबाई रोट वाढत वाढत तानुच्या पानापाशी आली आणि पुढे निघून गेली. पन्नास माणसांच्या देखत. तानु रिकाम्या पानासमोर सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिली. रतिलाल खाली मान घालून रोट खात होता. त्याच्या घशाखाली उतरला तरी कसा!

दोन दिवसांनी त्याने तिला गाडीत बसवून दिलं. एकटीला. पोरगं ठेवून घेतलं. रोगी बाईचं दूध पोराला नको, म्हणाले.

मी त्या दिवशी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. गल्लीच्या टोकाला तानु दिसली. मी हसत उठले, म्हटलं पोराला घेऊन आली. हातात पोर नव्हतं. पिशवी होती, आणि पोलक्याची पुढची बाजू दुधाने भिजलेली होती. दोंडाईचा ते धरणगाव, सगळ्या गाडीभर माणसांसमोर, ती पदर ओढून ओढून ते झाकत आली होती. त्यांच्या घराला आग लागो, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

तेव्हा माझी धाकटी अंगावर पीत होती. तानुची छाती दगडासारखी झाली होती, ताप भरला होता. मी म्हटलं, माझीला पाज, तुला हलकं वाटेल. मी मुलगी तिच्या मांडीवर ठेवायला गेले तर तिने दोन्ही हात मागे घेतले. "नको वहिनी. डॉक्टर खोटं कशाला बोलेल?" म्हणजे बघा. त्या माणसाने तिच्या रक्तात नसलेला रोग तिच्या मनात घालून पाठवला होता. ती आपलं ताट वेगळं ठेवायची, तांब्या वेगळा ठेवायची, माझ्या पोरांना जवळ घ्यायची नाही. मी तिचं ताट उचलून आमच्या ताटांत मिसळायची, ती पुन्हा वेगळं काढायची. यावरून आमची रोज भांडणं व्हायची. आणि हे? हे मिशी चावत बसायचे. म्हणायचे, जरा दमाने घेऊ, लोकांत बोभाटा होईल. मी म्हटलं, बोभाटा दोंडाईच्यापासून अमळनेरपर्यंत झालाय, तुम्हीच तेवढे मागे राहिलात.

तिला एकच हवं होतं, गिरधर. ह्यांनी दोनदा जाऊन पाहिलं. पहिल्या वेळी पोराला लांबून दाखवलं. दुसऱ्या वेळी तेही नाही. धुरपदाबाई दारात उभी राहून म्हणाली, पोर आमचं आहे, आमचा रोट खाल्लेलं आहे.

वर्ष गेलं. पुन्हा कानबाई आली, आमच्या घरी. मी रोट केले. तानुने दळायलासुद्धा हात लावला नाही, लांब बसून राहिली. आमच्यात मुलीला रोट देत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, ज्या घराने पान रिकामं ठेवलं ते हिचं घर कसलं? हिचं घर हेच. मी रोट तिच्या पानात वाढला. ह्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, काही बोलू नका, कानबाईला काय सांगायचं ते मी सांगेन. पण बोलली ती तानु. तिने रोट उचलून परत माझ्या परातीत ठेवला आणि म्हणाली, "मी आठे खावाव नही, वहिनी. आठे खादा तर तठला मन्हा हक्क गया. तठे मन्हा पोऱ्या शे."

इथे खाल्लं तर तिथला हक्क गेला, आणि पोरगं तर तिथे आहे. एवढा विचार ती करून बसली होती. वर्षभर तिला गप्प बघून मला वाटायचं की हिचं डोकं बधिर झालंय. ती तर एकेक दोरा धरून बसली होती, की कुठून तरी पोरापर्यंत पोचता येईल. मी चुलीपाशी जाऊन रडले, आणि रडताना सुद्धा मला राग येत होता.

त्याच महिन्यात ती एक दिवस दारात बसून माझ्या पोरीचं झबलं शिवत होती. दोरा ओवायचा तर मी ओवून द्यायची, पण डोळ्यांजवळ धरून टाके ती घालायची. बराच वेळ मान खाली घालून शिवत होती. मी हाक मारली, तिने वर पाहिलं. तो मोठा डोळा बारीक झाला होता! बाहुली एवढीशी, उजव्यापेक्षाही लहान. मी बघत राहिले. कितीतरी वेळाने ती हळूहळू पुन्हा मोठी झाली. मला वाटलं, आता डोळा जाणार. तिला हाताला धरलं ते थेट ह्यांच्यापुढे नेऊन उभं केलं आणि म्हटलं, उद्याच्या गाडीने जळगाव. तुम्ही येत असाल तर या, नाहीतर मी एकटी नेते. हे आले. न येऊन सांगतात कोणाला!

जळगावला डोळ्यांची एक डॉक्टरीणबाई होती. नऊवारी नेसलेली, चष्मा लावणारी, तोंडाने फटकळ. मला आवडली. तिने आधीची कहाणी निम्मी ऐकली आणि हात वर करून थांबवलं. तानुला खिडकीपाशी बसवलं. बॅटरी धरली ती धरूनच ठेवली, काढलीच नाही. मग पेन्सिलीचं टोक तानुच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, याच्याकडे बघत राहा. आणि बाई वाट पाहत बसली. बाहेर रांग लागलेली, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, पण ती उठली नाही. बाहुली हळूहळू, गोगलगाईसारखी, आत आत आली. गुडघ्यावर हातोडी तिनेही मारली. रक्त तिनेही काढलं. आठ दिवसांनी या म्हणाली.

आठ दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा तिने आम्हाला बसवून सगळं समजावलं. म्हणाली, उजेड पडला की बाहुली लहान करायचा निरोप एक नस पोचवते. हिची ती नस दुखावली आहे. तापाने असेल, कशाने असेल, नेमकं कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे बाहुली संथ झाली आहे. उजेडाला हलत नाही असं वाटतं, जवळचं बघत राहिलं की सावकाश लहान होते आणि सावकाश मोठी होते. अशा माणसांचे गुडघेही पुष्कळदा उडत नाहीत. हा आजार कोणाकडून येत नाही, कोणाला लागत नाही, याने डोळा जात नाही आणि माणूस मरत नाही. जवळच्या कामाला चष्मा घे, उन्हात डोळा झाक, बाकी औषध काही नाही. रक्त स्वच्छ आहे.

मी विचारलं, मग गरमी? तेव्हा बाईचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता टेबल उलटं करते. म्हणाली, त्या रोगात बाहुल्या बारीक होतात, टाचणीच्या टोकासारख्या. ही एवढी मोठी बाहुली समोर दिसत असताना त्याने तो रोग म्हटलाच कसा? बॅटरी मारून जरा थांबला असता तर त्याला दिसलं असतं. त्याला थांबायला काय झालं होतं?

तेच मी विचारते. काय झालं होतं त्याला? पोराचं दूध तुटलं, बाईचं घर तुटलं, आणि हा बॅटरी खिशात घालून पुढच्या माणसाकडे वळला.

बाहेर आल्यावर तानुने ह्यांना एवढंच विचारलं, आता गिरधर देतील ना? डॉक्टरीणबाई दारापर्यंत आली होती. ती म्हणाली, नवऱ्याला घेऊन या, घरच्या थोरांना घेऊन या, मी तोंडावर सांगते.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांना निराळीच घाई होती. रतिलालचं दुसरं लग्न ठरत होतं, आणि सरकारच्या कायद्याने पहिलीची सोडचिठ्ठी झाल्याशिवाय दुसरी करता येत नव्हती. ह्यांनी निरोप धाडला, जळगावला डॉक्टरकडे या, तिथे काय ते बोलू. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी डोकं चालवलं. दिवाळी झाल्यावर ते आले. रतिलाल, त्याचे चुलते मोतीलाल नाना, आणि धुरपदाबाई. तिच्या कडेवर गिरधर. तो तिच्याशिवाय राहत नव्हता. तानुने त्याला पाहिलं आणि अर्धी उठली. पोराने तिच्याकडे बघून आजीच्या मानेत तोंड लपवलं आणि म्हणाला, "माय, घर चाल." माय तो धुरपदाबाईला म्हणत होता.

डॉक्टरीणबाईने सगळ्यांना खोलीत घेतलं. तानुला पुन्हा पेन्सिल धरून बसवलं आणि म्हणाली, बघा सगळ्यांनी, आणि घाई करू नका. मोतीलाल नाना काठी टेकून वाकले. धुरपदाबाई पोराला घेऊनच जवळ आली, तानुच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत राहिली. वर्षभर जिची सावली घेतली नाही, तिच्या डोळ्यात बघत उभी! बाहुली हळूहळू लहान झाली. बाईने जे आम्हाला सांगितलं होतं ते सगळं त्यांना पुन्हा सांगितलं, अगदी पोरांना समजावल्यासारखं. शेवटी म्हणाली, "हिला गरमी नाही. कधीच नव्हती. हिच्या चारित्र्यावर बोट ठेवायला कोणाला काहीही कारण नव्हतं."

मोतीलाल नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी रतिलालकडे बघत होते. मला बघायचं होतं, आता तरी हा माणूस बायकोकडे बघतो का. तर त्याचा चेहरा उजळला होता. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखा त्याने श्वास सोडला, डॉक्टरीणबाईकडे वळला आणि म्हणाला,

"मंग माले बी काही नही ना, बाई?"

डॉक्टरीणबाईने चष्मा काढला. म्हणाली, तुमचं मी कसं सांगू? तुम्हाला धास्ती वाटण्यासारखं काही असेल तर तुमचं रक्त वेगळं तपासावं लागेल. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो.

मला जरा वेळ लागला समजायला. सुरत. मिरचीची पोती. गावोगावचे मुक्काम. त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की रोग आपणच आणला आणि हिला दिला. म्हणून तो रक्त न देता पळाला. म्हणून आईसमोर मान खाली. तिच्यावर आळ आला तेव्हा याने मनातल्या मनात तो आपला मानला, आणि तोंडाने तिच्यावर राहू दिला. तिला गाडीत बसवलं, पोरगं काढून घेतलं, दुसरी बायको बघायला निघाला, हे सगळं स्वतःला दोषी समजून! माझा हात पायातल्या वहाणेकडे गेला होता. ह्यांनी माझं मनगट धरलं.

मोतीलाल नाना घसा खाकरून म्हणाले, झालं ते झालं, आता बठ्ठं मिटलं, सुनबाईने घरी चालावं. तानु उठून रतिलालसमोर उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी तुम्हीशिवाय हाक मारली नव्हती.

"तुले मालूम व्हतं," ती म्हणाली. "तुले वाटे, तूच दिधं माले. आनि तू गप बसना."

गप्प बसलास म्हटल्यावर तो पुटपुटला, आईला काय सांगणार होतो. तानुने ते ऐकलंसुद्धा नाही. ती नानांकडे वळली आणि सांगितलं, मी येवाव नही, सोडचिठ्ठी आजच घ्या, मन्हा पोऱ्या माले द्या. नाना सांगू लागले की वंशाचा दिवा आहे, असा कसा देता येईल. त्यांना थांबवलं धुरपदाबाईने.

त्या बाईला मी कधी क्षमा केली नाही, करणारही नाही. पण तिने त्या दिवशी केलं ते केलं. ती मुलाकडे बघत होती. गावभर वर्षभर सुनेच्या नावाने बोटं मोडत फिरली होती, आणि जे काही होतं ते तिच्या पोटच्या पोराचं होतं. तिने गिरधरला कडेवरून उतरवून तानुच्या हातात दिलं आणि म्हणाली, "लई जाय, माय. तुन्हा शे." मग कोणासाठी न थांबता ती खोलीतून बाहेर पडली. तिच्या मागोमाग दोघेही निघाले. रतिलालने रक्त दिलं नाही. अजूनही दिलं नसणार, मला खात्री आहे.

पोराने असा टाहो फोडला की रांगेतली माणसं उठून उभी राहिली. दाराकडे हात करून माय माय ओरडत होता. तानुच्या हाताला चावला, तिचे केस ओढले. तिने त्याला सोडलं नाही. स्टेशनपर्यंत तसाच, फलाटावर तसाच. गाडीत बसलो तरी खिडकीकडे झेपावत होता, माय पाहिजे म्हणून. मी घ्यायला गेले तर तानुने मान हलवून नको म्हटलं.

समोरच्या बाकावर पाळधीला उतरणारी एक बाई बसली होती. तिला पोराची कीव आली. तिने टोपलीतलं केळं सोलून त्याच्यापुढे धरलं, त्याने ते फेकून दिलं. मग ती तानुला म्हणाली, कोणाचं लेकरू आहे बाई हे? आईवाचून बघा कसं तळमळतंय. आई कुठे आहे याची?

वर्षभर मी सगळ्यांना उत्तरं देत आले होते. तेव्हा मात्र मी खाली वाकून ते फेकलेलं केळं उचलायला लागले.

"मीच शे त्यानी माय," तानु म्हणाली.

बाईने पोराकडे पाहिलं, तानुकडे पाहिलं, आणि आपली टोपली जवळ ओढून घेतली. गिरधर धरणगाव येईपर्यंत रडत होता.